मॅनिटू स्प्रिंग्ज : पेला हाती घेऊन पाहायचे गाव

कोल्हापुरातून मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हरला जाणाऱ्या मंडळींना पाइक्स पीकचे शिखर दाखवून आणण्याचा बेत बहुतेक घरी ठरलेला असतो आणि त्या बेतात पायथ्याच्या मॅनिटू स्प्रिंग्जच्या वाट्याला जेमतेम चहापुरता वेळ येतो. आम्ही मात्र मुक्कामच या गावात केला. शिखर पाहून झाल्यावरही माझे मत असे आहे की, वेळ कमी असेल तर शिखर सोडावे, गाव सोडू नये.

डेन्व्हरहून इंटरस्टेट 25 ने दक्षिणेला कोलोरॅडो स्प्रिंग्ज आणि तेथून महामार्ग 24 ने पश्चिमेला वळले की, मोटारीने दीड ते दोन तासांत गाव येते. त्याची उंची सुमारे 6,400 फूट, म्हणजे पन्हाळ्याच्या साधारण दुप्पट आहे. त्यामुळे रोज रंकाळ्याला फेरी मारणाऱ्या धडधाकट माणसालाही पहिल्या दिवशी चढावर दम लागतो. तो दिवस सपाटीवर घालवावा, तहान नसली तरी पाणी पीत राहावे आणि जेवण हलके ठेवावे. गावाचा मुख्य रस्ता अरुंद असून पार्किंगला पैसे पडतात, म्हणून मोटार एकदा लावून पुढे सर्वत्र पायी हिंडावे. हंगामात फुकट शटल बसही असते.

गाव वसवले ते 1872 मध्ये, जनरल विल्यम पामर आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉक्टर विल्यम बेल यांनी, आरोग्यस्थान म्हणून. त्यापूर्वी कित्येक पिढ्या यूट, अरापाहो आणि शायेन हे मूळनिवासी लोक हे झरे पवित्र मानत आले होते. पाइक्स पीकवरचे बर्फ आणि पाऊस यांचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते, तेथे तापते, चुनखडीतून खनिजे आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन वर येते आणि वाटेत निवून गावात थंड, फसफसत बाहेर पडते. डुंबायला गरम पाण्याची कुंडे असतील, या अपेक्षेने येणाऱ्यांची निराशा होईल. खनिज पाण्याच्या टबात बसण्याची सोय खासगी स्पामध्ये पैसे देऊन होते. मात्र या गावाची खरी रीत पाणी पिण्याची आहे.

गावात पिण्याजोगे आठ झरे चालू आहेत. पर्यटक केंद्रात झऱ्यांचा नकाशा आणि चव घेण्यासाठी छोटा पेला फुकट मिळतो. प्रत्येक झऱ्याचे कारंजे निराळ्या घडणीचे आहे आणि पाण्याची चवही निराळी आहे. सुरुवात शायेन झऱ्यापासून करावी, कारण त्याचे पाणी सौम्य आहे. लाल वालुकाश्मातले त्याचे जुने छोटे घरही पाहण्यासारखे आहे. मग जवळचाच शोशोनी, ज्याला गंधकाचा वास आहे. रक्स्टन अव्हेन्यूवरचा ट्विन झरा गोडसर लागतो आणि त्यात लिथियमचे प्रमाण अधिक आहे. त्याच रस्त्याने आणखी वर आयर्न झरा लागतो. तोटीखालचा दगड तांबूस झालेला आणि पाण्याला लोखंडाची अशी करकरीत चव की, आमच्या सौ.नी पहिला घोट घेऊन पेला माझ्या हाती दिला आणि म्हणाल्या, “अहो, यापेक्षा गंजक्या बादलीतलं पाणी बरं!” पूर्वी हेच पाणी पंडुरोगावर (रक्त कमी असण्यावर) देत असत. घोट-घोटच घ्यावा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी, मीठ वर्ज्य असलेल्यांनी आणि लिथियमची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय येथील कोणत्याही झऱ्याचे पाणी पिऊ नये. बाटली भरून नेण्यात फारसा अर्थ नाही. गॅस उडाला की चवीची गंमत जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे क्षयाचे रुग्ण हवापालटासाठी येत. वानलेसवाडीचे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम ज्यांच्या ऐकण्यात आहे, त्यांना या गावाचा स्वभाव लवकर उमगेल. 1895 मध्ये एका फ्रेंच धर्मगुरूसाठी बांधलेला मिरामाँट कॅसल पुढे असेच आरोग्यधाम झाला. आता तेथे संग्रहालय आहे आणि नऊ वास्तुशैलींची खिचडी असलेली ती इमारत तासभर सहज गुंतवून ठेवते. क्षयानेच आजारी असलेली एमा क्रॉफर्ड 1891 मध्ये वारली. तिला जवळच्या रेड माउंटनवर पुरले होते. 1929 मध्ये पावसाने तिची शवपेटी डोंगरावरून खाली वाहून आली. कोणत्याही गावाने ही गोष्ट दबक्या आवाजात सांगितली असती. मॅनिटूकरांनी 1995 पासून तिच्या नावाने दर ऑक्टोबरात शवपेट्यांची शर्यत सुरू केली आहे. चौघे पेटी ढकलतात, आत एक ‘एमा’ बसलेली असते आणि रस्त्याच्या दुतर्फा गर्दी उसळते. आपल्याकडे हे कोणाला रुचेल असे वाटत नाही, पण त्यांच्या खेळकरपणात कुचेष्टा नाही, हेही खरे.

चित्रकार आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापुरातून गेलेल्या माणसाने येथील कलादालनांकडून थोडे जपूनच अपेक्षा ठेवाव्यात. बऱ्याच दुकानांत पर्यटकांसाठीचा किरकोळ मालच दिसतो. अपवाद कॉमनव्हील या दालनाचा. सहकार म्हटले की आपल्याला साखर कारखाना आणि दूध संघ आठवतो; येथे कलाकारांनीच 1974 मध्ये आपली सहकारी संस्था काढली आणि ती आजही चालू आहे. मातीची भांडी पाहावीत, किमती डॉलरमध्येच वाचाव्यात. रुपयांत गुणाकार केला की हात मागे येतो. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी जुन्या पेनी आर्केडसाठी, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनासाठी, सुटी नाणी जवळ ठेवावीत. तेथील काही यंत्रे अजून एका सेंटवर चालतात.

शिखरावर जायचेच असेल, तर 1891 पासूनच्या दातेरी रुळांच्या रेल्वेने जावे. ती नव्याने बांधून 2021 मध्ये पुन्हा सुरू झाली आहे. तिकीट आधी ऑनलाइन घ्यावे आणि सकाळची गाडी निवडावी, कारण उन्हाळ्यात दुपारनंतर विजांसह पाऊस येतो. गाडीत स्वच्छतागृह नाही, हे ज्येष्ठांनी निघण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. जाऊन-येऊन तीन तासांहून अधिक वेळ जातो आणि 14,115 फुटांवर भर जूनमध्येही स्वेटर लागतो. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी हा मोह टाळलेला बरा. जवळच ‘इन्क्लाइन’ नावाची 2,700 हून अधिक पायऱ्यांची वाट आहे. मैलभरापेक्षा कमी अंतरात ती जवळजवळ 2,000 फूट चढते. तिला फुकट पण आगाऊ नोंदणी लागते. तालमीत घाम गाळणाऱ्या तरुणांनी खुशाल जावे, मात्र उतरताना पायऱ्यांऐवजी बार ट्रेलची पायवाट धरावी.

पुराविषयी एक सूचना. 2012 च्या वणव्याने वरचे डोंगर उघडे पडले आणि 2013 मध्ये गावात चिखलाचा लोंढा शिरला. पंचगंगेचे पाणी चढताना आपण राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहत तासन्‌तास अंदाज बांधतो. तेथे काही मिनिटेच हाती असतात. भोंगा वाजला की मोटारीकडे न धावता जवळच्या उंच जागेवर चढावे. हा धोका मुख्यतः उन्हाळी पावसाचा आहे. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरतो, झाडे पिवळी पडतात आणि हॉटेले तुलनेने रिकामी असतात, म्हणून जाण्यास तोच काळ उत्तम. शवपेट्यांच्या शर्यतीच्या शनिवारी मात्र खोली कित्येक महिने आधी धरून ठेवावी लागते.