आमची वाटचाल : नकली गाठींचं काम

भोसरीतल्या आमच्या गाळ्यात सुरुवातीला फक्त अँटेना बनायचे. पीसीबीवर (सर्किटच्या पट्टीवर) तांब्याची नक्षी काढायची, केबल जोडायचा एसएमए कनेक्टर सोल्डर करायचा, मोजून पाठवायचं. पगार आणि भाडं आजही त्यातूनच निघतं. मग पीएचडी करणाऱ्या एका मुलीने ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झच्या अख्ख्या पट्ट्यात चालणारे छोटे अँटेना मागितले. स्तनातली गाठ रेडिओ लहरींनी साधी की कर्करोगाची हे ओळखायचं, असा तिचा विषय. अँटेना घेऊन गेली आणि परत आली ती प्रश्न घेऊनच, "काका, तपासायला गाठ कुठून आणू?" नकली गाठी बनवायचा आमचा दुसरा धंदा तिथून उभा राहिला.

चरबीत पाणी कमी, कर्करोगाच्या गाठीत जास्त. म्हणून लहरीचा काही भाग तिथून परत फिरतो. एवढं ऐकून सगळ्यांना काम सोपं वाटतं. पण २००७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन आणि कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठांच्या गटाने शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींची मोजमापं छापली आणि बऱ्याच जणांचा उत्साह उतरला. चरबीच्या मानाने गाठ दहापटीपर्यंत उठून दिसते, स्तनातल्या दुधाच्या ग्रंथींच्या मानाने मात्र फरक जेमतेम १० टक्के. त्यात फायब्रोअ‍ॅडिनोमासारखी निरुपद्रवी गाठही पाणीदारच. सिग्नल जोरात परतला म्हणून गाठ वाईट, असं म्हणायची सोय राहिली नाही.

उरली गाठीची कड. साधी गाठ बहुधा गुळगुळीत असते, कर्करोगाची बरेचदा धोतऱ्याच्या बोंडासारखी काटेरी. गुळगुळीत कडेवरून लहर आटोपशीर परतते. काट्यांवरून ती चहूकडे विखुरते आणि अँटेनाची जागा थोडी बदलली की परतलेल्या सिग्नलचं रूपही बदलतं. संगणकाला शिकवायचा तो हा फरक.

त्यासाठी आम्ही नकली गाठींच्या जोड्या बनवतो, एक गुळगुळीत, एक काटेरी. पाणी, जिलेटिन, तेल, तेल-पाणी एकजीव करायला सर्फॅक्टंट, आणि उन्हाळ्यात वितळू नये म्हणून फॉर्मालिन. तेल वाढवलं की चरबी, कमी केलं की ग्रंथी, जवळपास काढूनच टाकलं की गाठ. मिश्रणाचं खातं बायकोकडे. ती आधी औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत होती. ढवळायचं अगदी सावकाश, कारण आत राहिलेला हवेचा बुडबुडा स्वतःच एक गाठ होऊन बसतो. थ्रीडी प्रिंटच्या कडक साच्यातून काढताना काटे तुटायचे. सिलिकॉनचे साचे वापरायला लागल्यापासून ते शाबूत निघतात.

जोडीतल्या दोन्ही गाठी एकाच घाणातल्या आणि एकाच आकारमानाच्या असतात, वेगळी फक्त कड. यावर मी अडून बसतो. एका ग्राहकाने सुचवलं होतं, "काटेरी जरा मोठी करा, रिझल्ट छान येतात." येणारच! संगणक काटे बघतच नाही, मोठी गाठ दिसली की कर्करोग म्हणून मोकळा होतो. ऑर्डर गेली. चांगली होती, पण गेली.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात स्तनातली गाठ शोधायला तयार झालेल्या रडारच्या खऱ्या रुग्णांवर चाचण्या झाल्या आहेत. त्यात एक्स-रे नाही आणि स्तन दाबावा लागत नाही, म्हणून या कामात मला रस आहे. पण आमच्याकडे फोन येतात, "ताईची गाठ बघून द्याल का?" नाही. आम्ही संशोधकांना नकली गाठींची मॉडेल विकतो, निदान करत नाही. डॉक्टरांकडे जा, ते सांगतील ती मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी करा, आणि शंका उरली तर निकाल बायोप्सीच देते.

सध्या मागणी जास्त आहे ती दाट ग्रंथींच्या मॉडेलला. मॅमोग्राफीत दाट स्तनातली गाठ झाकली जाते, तिथे लहरी काही दाखवतील का, हे सगळ्यांनाच बघायचं आहे. पण त्या १० टक्क्यांमुळे खरी कसोटीही तिथेच. मॉडेल हातात आलं की प्लास्टिकचं वेष्टण मोजमापाच्या वेळीच काढा, पाणी उडालं की आकडे घसरतात. आणि ठेवा फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नको.