नामावळीच्या पूरककथा : काम कुठवर आलं

मूळ मालिका ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पंचवटीतले क्षेत्रोपाध्ये, म्हणजे तीर्थक्षेत्रातले पुरोहित, नाना, त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या नामावळीच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं नोंदवलेल्या वह्या, आणि त्या वह्यांत अधूनमधून उमटणाऱ्या, मेलेल्या माणसांच्या हातच्या नोंदी. तीन कादंबऱ्यांत नानांनी तीन नोंदींचा छडा लावला. नोंदी मुळात कशामुळे उमटतात, हे कुठेच उघड केलेलं नाही. पूरककथांतही करणार नाही. वाचकाने पुन्हा मोठ्या कादंबरीकडे वळावं असं वाटत असेल तर ती एक खोली बंदच राहायला हवी.

रामकुंडावरची कथा पूर्ण झाली. तिथल्या अस्थिविलय तीर्थात अस्थी विरून जातात अशी श्रद्धा आहे, आणि कथा एका न विरलेल्या अस्थीची आहे. तिच्यात आता हात घालायचा नाही. पांडवलेण्यांची कथा मात्र आराखड्यातूनच काढून टाकली. तिसऱ्या लेण्यातला सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख खुणावत होता, पण माझ्या मालिकेतले मृत फक्त कागदावर आणि फक्त स्वतःच्या हस्ताक्षरात येतात. एकदा त्यांना दगडावर लिहू दिलं की मग ते कुठेही लिहितील, आणि नानांना शोधायला काही उरणार नाही.

सगळा जीव सध्या पुराच्या कथेत अडकलाय. साल १९६९, गोदावरीचा महापूर. नाशिककरांना पूर मोजायला नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती असते : पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं. त्यावरूनच सराफ बाजार, भांडी बाजारातली दुकानं माल वर चढवायला लागतात. मी कथेत घड्याळ ठेवलेलंच नाही. प्रत्येक प्रसंगाची वेळ मारुतीवरून कळते. पाणी कमरेला असताना नानांची सून वह्या माळ्यावर चढवायला घेते, आणि छातीला लागेपर्यंत एक गठ्ठा खालीच राहतो.

पूर ओसरल्यावर तो गठ्ठा पडवीत वाळत घातलाय. पानं एकमेकांना चिकटलेली, कडांना गाळाची पिवळी रेघ. फाउंटन पेनने लिहिलेली नावं वाहून गेलीत, जागोजागी नुसते निळसर डाग. आणि अशाच एका पानावर १९५६ सालची म्हणून असलेली एक नोंद काळीकुळकुळीत शाबूत.

«नाना, हीच एक कशी राहिली?»

«उजेडात धर. आधी शाई बघ, नाव मग वाच.»

काजळीच्या शाईचा रंग म्हणजे निव्वळ कार्बन. ओलीने ती पसरेल, पण तिचं काळेपण जात नाही. म्हणजे १९५६च्या पानावर कुणीतरी बोरूने, जुन्या शाईने लिहिलंय. हा धागा मिळाला तेव्हा मला फार आनंद झाला. गोष्टीत भूत असलं तरी पुरावा असा हातात धरता येईल असाच हवा, आणि तो नानांच्या आधी वाचकाला दिसायला हवा. म्हणून वह्या वाळत घालण्याचा प्रसंग मी ऐसपैस लिहिलाय. घाईने वाचणारा तिथून पुढे निघून जाईल. जाऊ दे. थांबणाऱ्याला सगळं तिथेच सापडेल.

दुसरा धागा मोडीचा. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ आखून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. त्या नोंदीच्या खाली नानांना आणखी एक रेघ दिसते, त्याच शाईची, कोरी. कुणाच्या तरी नावासाठी आधीच आखून ठेवलेली. ते नाव कुणाचं, हे दुसऱ्या कादंबरीच्या वाचकाला लगेच कळेल, आणि नव्या वाचकाचंही काही अडणार नाही. पूरककथेत मला असंच दोन्हीकडून चालणारं काहीतरी हवं असतं. शिवाय मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्याचाही उपयोग होईल, पण एका कथेत तीन खुणा जरा जास्तच होतात. ती पुढच्या कथेसाठी राखून ठेवली आहे.

त्र्यंबकची कथा अर्धी झालीय. नारायण नागबळीचा, म्हणजे अतृप्त पितरांच्या शांतीचा विधी तीन दिवसांचा, तसे कथेचेही तीन भाग. पहिला उत्तम वठलाय. दुसऱ्या दिवशी मात्र विधीच जास्त आणि माणसं कमी दिसतात, तेव्हा यजमानाच्या धाकट्या भावाला तिथे बोलतं करायचंय.

क्रमाबद्दल तुमचं मत हवंय. अशा कथा तुम्ही घटनांच्या सालाप्रमाणे लावता की कादंबऱ्यांच्या क्रमाने? माझा कल पुराची कथा सर्वांत आधी ठेवण्याकडे आहे, कारण वह्यांचा कागद, शाई आणि घरातली माणसं तिथेच नीट भेटतात. त्र्यंबकचा मधला भाग हातावेगळा झाला की दोन्ही कथा एकदमच वाचायला देईन.