रोज तोच तारा काय बघता?

“रोज रात्री तोच तारा काय बघता? कंटाळा नाही येत?” इतक्यांदा विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

तो तारा ययाती तारकासमूहामधला अल्गोल. एरवी त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, २.१. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो ३.४ पर्यंत मंदावतो (प्रतीचा आकडा वाढला की तेज घटतं). उतरायला पाचेक तास, चढायला तेवढेच. दुर्बीण लागत नाही. पण टक लावून बसलात तर काही म्हणजे काही हलत नाही. तासकाटा फिरताना कुणी पाहिलाय? म्हणून शेजारी लागतात. देवयानी तारकासमूहातला अलमाक २.१ चा, ययातीतलाच एप्सिलॉन २.९ चा. अल्गोल आज कुणाच्या जवळचा, एवढंच ठरवायचं आणि वेळ घालून वहीत लिहायचं.

सुरुवातीला मी चक्क फसले. ग्रहणाची वेळ पाठ करून बसले आणि तो वेळेवर मंद झालेला ‘दिसला’सुद्धा! मागाहून कळलं, तारीखच चुकीची वाचली होती. आता वेळापत्रक नोंद झाल्यावरच उघडते. म्हणूनच रोज बघावं लागतं.

ग्रहणच ते. १७८३ साली इंग्लंडमधल्या यॉर्कच्या जॉन गुडरिकनं हा काळ मोजला आणि एखादा पिंड आड येत असावा असं सुचवलं. वय १८, लहानपणापासून बहिरा. पुरावा यायला १८८९ उजाडलं. जर्मन खगोलशास्त्रज्ञ फोगेलनं वर्णपटातून, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाचे रंग सुटे करून, जोडीदार तारा सिद्ध केला. तोवर गुडरिकला जाऊन शंभर वर्षं झाली होती.

मला मात्र खिळवून ठेवतं ते वेगळंच. जड तारा लवकर म्हातारा होतो, हा नियम. इथे सूर्याच्या तिपटीहून जड असलेला तरुण, आणि सूर्याहूनही हलका जोडीदार म्हातारा, फुगलेला! कारण एके काळी तोच जड होता. फुगला आणि त्याचा वायू शेजाऱ्याकडे वाहत गेला. या दोघांभोवती सुमारे ६८० दिवसांत फिरणारा तिसराही आहे, पण तो यात पडत नाही.

बघायचंच असेल तर एक सोय सांगते. एक ग्रहण पहाटे ३ ला ऐन भरात असेल, तर पुढचं तीन रात्रींनंतर, पण तीन तास अलीकडे, रात्री पावणेबाराला, आणि त्यापुढचं साडेआठच्या सुमारास. तुम्ही ते साडेआठचं बघा. पहाटेचं माझ्याकडे.