नातेपुत्यापर्यंतची वारी

माझ्या आजीने पायी वारी कधीच पूर्ण केली नाही. आषाढ लागला की माण तालुक्यातल्या आमच्या गावाहून ती शिंगणापूरच्या बाजूने खाली उतरत असे, नातेपुत्याच्या तळावर माउलींच्या पादुकांपुढे डोके टेकत असे, पाटीतून नेलेल्या बाजरीच्या भाकरी आणि ठेचा समोर दिसेल त्या दिंडीच्या पंगतीत वाढत असे आणि रिकामी पाटी घेऊन माघारी फिरत असे. पुढे का जात नाहीस, असे मी लहानपणी विचारले होते. "पांडुरंग कुठं जात न्हाई, बाय. वाफसा मातर जातो," एवढेच ती म्हणाली होती. पावसानंतर जमीन पेरणीजोगी होते, तो वाफसा.

ती गेल्या पौषात गेली आणि यंदा मी आळंदीहून निघाले. तिने स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ मी अंथरायला बरोबर घेतली होती.

पुण्यापर्यंतचे दिवस आता वेगवेगळे आठवत नाहीत. दिवे घाट चढलो, सासवडला दोन रात्री राहिलो. पहाटे तीनला टँकरपाशी रांग लागायची, त्या रांगेत भांडणे व्हायची, आणि त्याच बायका तासाभराने काकड आरतीला शेजारी उभ्या राहून एकमेकींना माउली म्हणायच्या. मला ते लगेच जमत नसे. अंगावर बादली सांडलेल्या बाईचा राग माझ्या मनात पुढच्या विसाव्यापर्यंत टिकत असे.

जेजुरीच्या वाटेवर दुपारी माझा डावा पाय जमिनीवर टेकेनासा झाला. टाचेला आणि चवड्याला मोठे फोड आले होते, डांबर तापले होते, आणि आमची दिंडी टाळांच्या आवाजासह पुढे निघून गेली होती. मी बाभळीखाली बसले आणि रडू लागले. पाय दुखत होते हे खरे. पण आजीसाठी निघालेली मी पाचव्या-सहाव्या दिवशीच बसले, याचे दुःख जास्त होते. शेजारून दिंड्यांमागून दिंड्या जात होत्या. त्यातल्या एकीतून डोक्यावर बोचके घेतलेली एक म्हातारी बाजूला झाली, माझ्यासमोर फतकल मारून बसली आणि काहीही न विचारता तिने माझा पाय स्वतःच्या मांडीवर ओढला. मी संकोचून पाय मागे घेतला, तेव्हा ती म्हणाली, "लाजू नकू माय, मलाबी कुणीतरी असंच बघितलंय."

ती परभणीकडची होती. तिने कमरेच्या बटव्यातून सुई काढली, काडी पेटवून तिचे टोक तापवले, काळा दोरा ओवला आणि तो फोडातून आरपार नेऊन दोन्हीकडे बोटभर टोके सोडून कापला. दोरा आत राहिला की पाणी हळूहळू झिरपते आणि वरची कातडी शाबूत राहते. फोड फोडून कातडी काढली तर दुसऱ्या दिवशी चालणे संपते. हे मला ठाऊक होते. कारण आजीच्या कमरेलाही असाच बटवा असे, त्यात पोती शिवायचा दाभण आणि त्याच्याजवळ एक बारीक सुई असे, आणि खुरपणीच्या दिवसांत नव्या मजूर मुलींच्या तळहातांवर फोड आले की ती त्यांना बांधावर बसवून हेच करत असे. म्हातारीने खोबरेल तेलात हळद कालवून लावली, माझ्याच ओढणीची चिंधी फाडून बांधली आणि पाणी पाजले. मग ती तिथेच बसून राहिली. तिची दिंडी पुढे जात होती, पण तिने उठायची घाई केली नाही. घरची पेरणी झाली का, असे मी तिला विचारले. "न्हाई माय. पाऊसच न्हाई. लेकाला म्हणलं, वल खोल जाऊ दे, मंग पेर. पोरं ऐकत न्हाईत, धूळपेर करत्यात," असे म्हणून तिने आभाळाकडे पाहिले. आजीही बोलता बोलता अशीच वर पाहत असे.

त्या सावलीत बसून मी मनात हिशेब केला. आजी लग्न होऊन आल्यापासून आमच्या पाभरीचे, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजाराचे, चाडे तिच्याकडे होते. आजोबा बैल हाकत आणि ती मागे अनवाणी चालत मुठीतून बाजरीचे दाणे चाड्यात असे सोडत असे, की उगवल्यावर ओळीत कुठे दाटी नसे आणि कुठे खाडाही नसे. चार फुटांची पाभर धरली तर एक एकर पेरायला तीन किलोमीटरांहून अधिक चालावे लागते. आमचे सहा एकर. पाभरीची पाळी धरली तरी वीस किलोमीटर, तेही नांगरटीच्या भुसभुशीत रानात आणि लक्ष सगळे मुठीवर ठेवून. सासवडहून जेजुरी त्याहून कमी आहे. मी उठले आणि म्हातारीच्या खांद्याला धरून चालू लागले. जेजुरीच्या गर्दीत ती दिसेनाशी झाली. तिचे नावसुद्धा मी विचारले नव्हते.

नीरा ओलांडली, लोणंद झाले, चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण झाले. एका मुक्कामी आमचे तंबू नुकत्याच पेरलेल्या रानात ठोकले होते आणि सकाळी त्या रानात पत्रावळी आणि प्लास्टिकचे पेले पसरलेले होते. मालक हात जोडून म्हणाला की माउलींचे पाय लागले. मला मात्र ते सोसवले नाही. मी आणि आणखी दोघीजणी अर्धा तास पेले वेचत राहिलो आणि त्यामुळे मागे पडलो.

नातेपुत्याला मी आजीची बसायची जागा शोधली नाही, कारण ती कुणाला ठाऊक असणार? १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती आणि घरात लाल मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी होत्या. त्या आषाढात वाढायला नेण्यासारखे काही नव्हते, तेव्हा तळाजवळच्या विहिरीवर उभी राहून तिने संध्याकाळपर्यंत वारकऱ्यांना पाणी शेंदून दिले, असे वडील सांगतात. मी पालखीतळावर समाज आरतीला उभी राहिले. चोपदाराने चोप उंचावला, हजारो टाळ एका क्षणात थांबले, आणि त्या शांततेत मला तिची इतकी आठवण आली की पुढची आरती माझ्या तोंडून फुटेना.

वेळापूरला रात्री पाऊस आला. तंबू गळला, वाकळ भिजून ओझे झाली, शेजारणी चिडल्या आणि मीही चिडले. पहाटे चुलत्यांचा फोन आला. गावाकडे दमदार पाऊस झाला होता आणि दोन दिवसांत पेरणीला ट्रॅक्टर येणार होता. विहिरीकडेच्या कोपऱ्यात ट्रॅक्टर वळत नाही, तिथे तूर हाताने टोकावी लागते. ते काम शेवटपर्यंत आजीचे होते. "तेवढा तुकडा ठेवा, मी द्वादशीला येते," मी म्हणाले. चुलते थोडा वेळ गप्प राहिले. "वाफसा थांबतोय व्हय तवर?"

एकादशीला चंद्रभागेत स्नान केले आणि कळसाचे दर्शन घेतले. दर्शनाच्या रांगेत उभी राहिले नाही. द्वादशीला पारणे सोडून पहाटेच्या एस.टी.ने निघाले. पोचले तेव्हा बाकीचे रान पेरून झाले होते आणि कोपरा तसाच होता. आदल्या रात्री पुन्हा एक सर येऊन गेली होती. आजी करत असे तशी मी मूठभर माती दाबून तिचा गोळा केला आणि छातीइतक्या उंचीवरून खाली सोडला. तो चिकटून राहिला नाही, जमिनीवर पडून फुटला. चुलतीने तुरीचे बी माझ्या ओच्यात ओतले.