व्हॅन गॉगचं पट्टीतलं आत्मचित्र : अभ्यासप्रत, चेहऱ्यापर्यंतचं काम

मूळ चित्र जानेवारी १८८९ चं, लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहातलं, साधारण ६० × ५० सेंमी. प्रत निम्म्या मापात घेतली आहे : ३० × २५ चा कॅनव्हास, ५ सेंमीच्या चौकोनांची जाळी. रेखांकन टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या निळ्यानं. कोळसा टाळला, कारण त्याची भुकटी वरच्या पिवळ्यात मिसळते आणि चेहरा मळकट होतो.

पट्टी चित्रात उजव्या कानावर आहे, ती तिथेच ठेवायची. २३ डिसेंबर १८८८ ला फ्रान्समधल्या आर्ल गावी व्हॅन गॉगचा जखमी झाला तो डावा कान. चित्र आरशात बघून काढलेलं आहे, म्हणून डावा कान उजवा दिसतो.

रंग : क्रोम यलोत शिसं आणि जुन्या एमराल्ड ग्रीनमध्ये आर्सेनिक असल्यामुळे त्यांच्याऐवजी हन्सा यलो आणि थॅलो ग्रीन. थॅलो फार जोरकस. मटाराएवढ्या टायटॅनियम व्हाइटला तांदळाच्या दाण्याएवढं पुरतं. जास्त झालं तर त्वचा प्लास्टिकसारखी दिसते आणि नंतर कितीही पिवळा घातला तरी सावरत नाही. झिंक व्हाइट जाड थरात वापरू नये, पुढे तडकतं.

खरी अडचण पट्टीची. ट्यूबमधला शुद्ध पांढरा लावला की नजर थेट जखमेवर जाते आणि चित्र अपघाताचं होऊन बसतं. पट्टीच्या पांढऱ्यात पिवळा-हिरवा घालून ती चेहऱ्याच्या उजेडापेक्षा एक पायरी खाली ठेवली, तेव्हा डोळे पुढे आले. आमच्या मते चित्राचं मर्म इथेच आहे. ७ जानेवारीला इस्पितळातून बाहेर पडलेला हा माणूस जखम लपवत नाही, पण मागे ईझल (कॅनव्हास ठेवायची घोडी) आणि जपानी छापचित्र ठेवून आपण चित्रकार आहोत हे ठामपणे सांगतो.

म्हणूनच फटकारे पिसाट करू नयेत. त्याच्या मानसिक आजाराची कथा माहीत असल्यानं हात आपोआप वळवळतो, आणि बऱ्याच प्रती तिथेच फसतात. कोटावरचे फटकारे बहुतांशी उभे, शेजारी-शेजारी, संयमानं बसवलेले आहेत. ४ नंबरचा चपटा ब्रिसल ब्रश, एक फटकारा, मग ब्रश पुसायचा. तसं केलं नाही तर ओल्या हिरव्यात निळा ओढला जाऊन कडा विरघळतात.

टोपीची काळी फर आणि छापचित्र बाकी आहे. खालचा थर बोटाला चिकटेनासा झाल्यावरच छापचित्रातल्या बारीक रेषा, त्याही थोडं जवसाचं तेल वाढवून.