तुम्ही विचारलंत म्हणून: शेटलंडला नेमकं कधी यावं?

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला राहणाऱ्या मराठी माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. तेलाच्या कंपनीत आहात का, हा पहिला. दुसरा असा : 'ती वरची बेटं आहेत ना, शेटलंड, तिथे कधी जावं हो?' पहिल्याचं उत्तर 'मी नाही, नवरा आहे' एवढ्यात संपतं. दुसऱ्याचं उत्तर देता देता चहा गार होतो, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

बेटांची थोडी ओळख आधी करून देते. शेटलंड साठाव्या अक्षांशावर आहे. लहानमोठी शंभरेक बेटं, त्यांतल्या सोळाएक बेटांवर वस्ती, आणि सगळी मिळून तेवीस हजारांच्या आसपास माणसं. ॲबर्डीनहून संध्याकाळी बोटीत बसलं की सकाळी बेटांवरचं मुख्य शहर, लर्विक, येतं. तिथून नॉर्वेचं बर्गन जवळपास ॲबर्डीनइतक्याच अंतरावर आहे. पूर्वी ही बेटं नॉर्वेचीच होती. १४६९ मध्ये तिथला राजा पहिल्या ख्रिश्चनला मुलीच्या हुंड्याचे पैसे उभे करता आले नाहीत, म्हणून त्याने ती स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली आणि ती सुटली नाहीत ती नाहीतच. हुंड्यापायी घर गेल्याच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात, इथे अख्खा द्वीपसमूह गेला.

विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेकदा थंडीची धास्ती असते. 'उन्हाळ्यात येतो म्हणजे जरा ऊब असेल.' तर ती आशा सोडा. लर्विकला जानेवारीतल्या दुपारी पारा ६ अंशांच्या आसपास असतो आणि ऐन ऑगस्टमध्ये १४ च्या आसपास. एवढाच काय तो फरक. अटलांटिकमधून येणारा कोमट प्रवाह हिवाळ्यात बेटांना गोठू देत नाही, आणि तोच समुद्र उन्हाळ्यात तापूही देत नाही. बर्फ पडतो, पण फारसा टिकत नाही. बेटांवर कुठेही उभे राहा, समुद्र पाच किलोमीटरांहून लांब नसतो. पावसाचंही तसंच. वर्षभराचा आकडा काढला तर मुंबईच्या निम्माच भरेल, पण मुंबईत तो चार महिन्यांत उरकतो आणि इथे बाराही महिने थोडा थोडा वाटून देतात. थोडक्यात, तापमान बघून महिना ठरवायला बसलात तर हाती काही लागणार नाही.

बदलतो तो उजेड. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सकाळी नऊनंतर उगवतो आणि दुपारी तीनच्या आत मावळतो, सहा तासही पुरे होत नाहीत. जूनच्या अखेरीस तोच सूर्य जवळपास एकोणीस तास वर असतो. म्हणून मला कुणी 'कधी' विचारलं की मी उलट विचारते, तुम्हाला उजेड बघायचाय की अंधार? लोकांना वाटतं मी थट्टा करतेय. पण बेटांवरचं जवळजवळ सगळं त्यावरच ठरतं : पक्षी कधी येतात, होड्या कधी सुटतात, लोक सण कधी करतात.

एकदाच येणार असाल, आणि भारतातून येणारे बहुतेक जण एकदाच येतात, तर मे महिन्याचा शेवटचा आठवडा ते जूनचा तिसरा आठवडा यात या. वर्षातला त्यातल्या त्यात कोरडा काळ एप्रिल ते जून हाच. मे महिन्याच्या सुरुवातीला मात्र घाई करू नका. इथला वसंत उशिरा येतो, तोवर डोंगर गवत जळाल्यासारखे तपकिरी असतात आणि फोटो बघून आलेली माणसं हिरमुसतात. महिना संपता संपता हिरवं चढतं, कडेकपारींवर सी-पिंकची गुलाबी फुलं दाटतात, कोकरं आणि शेटलंड पोनींची शिंगरं माळावर दिसायला लागतात. झाडं मात्र तेव्हाही दिसणार नाहीत. खारा वारा आणि मेंढ्या या दोघांनी मिळून त्यांचा बंदोबस्त करून ठेवला आहे.

आणि रात्र होत नाही. स्थानिक लोक या न होणाऱ्या रात्रीला सिमर डिम म्हणतात. सूर्य साडेदहाच्या सुमारास बुडतो, पण उत्तरेच्या क्षितिजाखाली फार खोल जात नाही, त्यामुळे मध्यरात्रीही करडा-निळसर उजेड टिकून राहतो आणि पुन्हा साडेतीन-पावणेचारला सूर्य हजर. झोपेचं खोबरं होतं, खिडकीला जाड पडदे आहेत का ते खोली घेतानाच विचारून ठेवा.

या दिवसांतली एक गोष्ट मी सगळ्यांना आग्रहाने सांगते : मूसा बेटावरची रात्रीची होडी. मूसावर दोन हजार वर्षांपूर्वीचा दगडी बुरूज आहे. अशा बुरुजांना ब्रॉख म्हणतात. चुना नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड रचून साधारण १३ मीटर उंच उभा केलेला, आणि जगात या जातीचा इतका शाबूत दुसरा नाही. त्याच्या भिंतींतल्या फटींत स्टॉर्म पेट्रेल नावाचा चिमणीएवढा समुद्रपक्षी घरटं करतो. दिवसा जमिनीवर उतरला तर मोठे शिकारी पक्षी त्याला सोडणार नाहीत, म्हणून दिवसभर समुद्रावर काढून तो फक्त रात्रीच्या संधिप्रकाशात घरी येतो. मे अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत संध्याकाळी उशिरा होडीने नेतात. अकरानंतर तुम्ही बुरुजापाशी उभे असता, आधी दगडांतून घुर्रर्र असा आवाज येतो, भिंत घोरतेय की काय असं वाटतं. मग वटवाघळांसारखे काळे ठिपके चहूबाजूंनी भिरभिरायला लागतात आणि एकेक करून दगडात नाहीसे होतात. टॉर्च लावू देत नाहीत, मोबाइलवर फोटोही धड येत नाहीत. ज्यांना फोटोशिवाय प्रवास झाल्यासारखा वाटत नाही त्यांनी ते पैसे वाचवावेत.

फोटो हवेच असतील तर पफिन पक्षी आहेत. दक्षिण टोकाला सम्बर्गच्या दीपगृहापाशी गाडी उभी करून पाच मिनिटं चाललात की कड्यावर, हाताच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ, रंगीत चोचीचे पफिन बसलेले असतात. आजीआजोबांनाही सहज जमेल. चोचीत माशांची जुडी धरलेला तो प्रसिद्ध फोटो पाहिजे असेल तर पिल्लं अंड्यांतून बाहेर आल्यावर, जूनअखेरीपासून जुलैत मिळतो. ऑगस्टचा मध्य उलटला की कडा रिकामा. दरवर्षी कुणी ना कुणी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याची तिकिटं काढून मग मला विचारतं, 'पफिन असतील ना?' नसतील. ते पुढच्या एप्रिलपर्यंत भर समुद्रात असतील.

यावरून येणारा नेहमीचा हट्ट म्हणजे पफिनही हवेत आणि उत्तरेचा प्रकाशही, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स. अरोरा, ज्याला इथे मिरी डान्सर्स म्हणतात, तो दिसायला काळोख लागतो, आणि जूनमध्ये काळोखच नसतो. तो सप्टेंबरअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत दिसला तर दिसतो. दिसला तर हे शब्द नीट वाचा, कारण वर ढग असतात. दोन्हीची गाठ पडू शकेल अशी एकच चिंचोळी फट आहे, एप्रिलचा पहिला पंधरवडा. पफिन नुकतेच परतत असतात, पण एक दिवस कडा भरलेला आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही असं त्यांचं चालतं. रात्री अजून पुरेशा काळ्या असतात. दोन्ही साधेल किंवा दोन्ही हुकेल. जुगारी स्वभाव असेल तर जरूर या.

आता हिवाळा. नुसता अरोरासाठी हिवाळ्यात शेटलंडला या असं मी कुणाला सांगणार नाही, त्यासाठी नॉर्वेचं ट्रॉम्सो बरं. पण अप हेली आसाठी सांगेन. जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी लर्विकमध्ये हा अग्नीचा सण होतो. संध्याकाळी साडेसातला शहरातले रस्त्यावरचे दिवे घालवतात, आणि जवळपास हजारभर माणसं पेटत्या मशाली घेऊन निघतात. पुढे व्हायकिंग वेशातलं मुख्य पथक आणि त्यांचा नायक, गायझर यार्ल. कित्येक महिने खपून बांधलेलं लाकडी गलबत ओढत नेतात, मैदानात त्याच्याभोवती फेर धरतात आणि सगळ्यांच्या मशाली त्यात भिरकावतात. आपल्याला होळी नवी नाही, पण इतकी देखणी कारागिरी मुद्दाम जाळायला बांधायची, हे बघताना पोटात तुटतं. मला तरी गणपती विसर्जनाला रडणारी मुलं आठवली. मग रात्रभर शहरातल्या हॉलांमधून नाचगाणी, आणि खारवून वाळवलेल्या मटणाचं सूप. दुसऱ्या दिवशी शहराला सुट्टी. लर्विकच्या पथकांत पूर्वी फक्त पुरुष असत, २०२३ पासून स्त्रिया आणि मुलीही चालतात. हवामानामुळे हा सण पुढे ढकलत नाहीत, तुमचं विमान मात्र ढकललं जाऊ शकतं.

कारण हिवाळ्यातला वारा ही चेष्टा नाही. ५ जानेवारी १९९३ ला 'ब्रेअर' नावाचं तेलवाहू जहाज इंजिन बंद पडून शेटलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आपटलं. पोटात ८४ हजार टनांहून जास्त कच्चं तेल. सगळ्यांना वाटलं, किनारे संपले. पण वादळ थांबेचना. दहा तारखेला अटलांटिकवर हवेचा दाब ९१४ मिलिबारपर्यंत उतरला, आणि त्या वादळालाच पुढे जहाजाचं नाव पडलं. त्या लाटांनी जहाज तर फोडलंच, पण ते हलकं तेलही असं घुसळलं की बरंचसं पाण्यात पांगून गेलं आणि किनाऱ्यांची भीती होती तितकी हानी झाली नाही. ॲबर्डीनच्या तेलवाल्यांच्या घरात ही गोष्ट अजून सांगितली जाते. आता त्याच वाऱ्यावर बेटांच्या मधोमध १०३ पवनचक्क्या फिरतात, २०२४ पासून. त्या दिसतात म्हणून नाक मुरडणारे पर्यटक आहेत, मला त्या आवडतात. जे फुकट आणि अमाप आहे ते वापरावं की.

दिवाळीच्या सुट्टीत येऊ का, असं दर वर्षी नाशिक-पुण्याकडून कुणी तरी विचारतं. नका येऊ. उजेड आखडत आलेला, वादळं सुरू झालेली, कड्यांवर पक्षी नाहीत, मूसा-नॉसच्या होड्या बंद, जार्ल्सहॉफसारख्या प्राचीन अवशेषांच्या जागांची दारं लागलेली. सप्टेंबरअखेरची गोष्ट वेगळी. तेव्हा लोकर सप्ताह असतो, विणकाम करणाऱ्या बायका जगभरातून येतात, गावागावांतल्या घरांत आणि हॉलांत फेअर आईल या बेटाचे विणकामाचे नमुने शिकतात. आणि खुद्द फेअर आईल बेटावर त्याच दिवसांत पक्षीनिरीक्षक ठाण मांडून बसतात, कारण पूर्वेचा वारा सुटला की सायबेरियाकडची वाट चुकलेली छोटी पाखरं तिथे येऊन पडतात. तुमच्या हातात सुया किंवा गळ्यात दुर्बीण असेल तर हे दिवस जूनपेक्षाही चांगले. नसेल तर तुम्हाला दिसेल फक्त भुरभुर पाऊस.

जुलै-ऑगस्टबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. इथे राहणाऱ्यांच्या मुलांना तेव्हाच सुट्टी असते, म्हणून ते तेव्हा जातात. हवा बरी असते, मोठमोठ्या क्रूझ लर्विकला लागतात आणि त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. सरळ उत्तरेला येल बेट ओलांडून अन्स्ट बेटावर निघून जावं, हर्मनेसच्या कड्यावर हजारो गॅनेट पक्ष्यांच्या कलकलाटात गर्दीचा विसर पडतो. भारतातून येणाऱ्यांचं नशीब मात्र चांगलं आहे : आपल्या शाळांची मे-जूनची सुट्टी नेमकी बेटांच्या सर्वांत चांगल्या दिवसांवर पडते. युरोपच्या सहलवाल्यांनी अजून ते हेरलेलं नाही.

कुठल्याही महिन्यात आलात तरी परतीचं मुंबईचं विमान आणि बेटावरून निघणं यांत दोन दिवस मोकळे ठेवा. वाऱ्यामुळे विमानं हिवाळ्यातच अडतात असं समजू नका. जूनमध्ये ऊन पडलेलं असताना समुद्रावरून धुकं सरकत येतं आणि सम्बर्गचा विमानतळ दिसेनासा होतो. मी स्वतः बोटच घेते. कधी कधी ती मध्ये ऑर्कनीला थांबते, तेव्हा आणखी लवकर सुटते. बोट लागत असेल तर गोळी बंदरातच घ्या, सुटल्यावर घेऊन उपयोग नाही. छत्री घरी ठेवा, वारा आत घुसू न देणारं टोपीचं जाकीट आणा. साडी नेसूनच फिरणार म्हणणाऱ्या एका मावशींना मी ते वरून घालायला लावलं होतं, आणि त्या अजून ते परत द्यायला तयार नाहीत.

खोल्यांचं काय ते मात्र मनावर घ्या. हॉटेलं मोजकी, त्यांतल्या बऱ्याच खोल्या कामासाठी येणाऱ्यांनी अडवलेल्या. जूनसाठी हिवाळ्यातच बघायला लागा, अप हेली आसाठी वर्षभर आधी. आधी खोली, मग बोटीतली केबिन आणि गाडीची जागा, मग व्हिसाचे कागद, आणि मुंबईहून ॲबर्डीनचं तिकीट सगळ्यात शेवटी. आपल्याकडे सगळे याच्या बरोबर उलट करतात आणि मग मला फोन येतो.