नडगीचं दुखणं आणि चार ओळींच्या पत्रासाठी २६ दिवस

विमा कंपनीला हवं असलेलं डॉक्टरांचं पत्र चार ओळींचं होतं. त्यासाठी मी २६ दिवस थांबले. आता चार महिने होऊन गेले, तरी विषय निघाला की माझा आवाज चढतो.

न्यूकॅसलच्या ग्रेट नॉर्थ रनसाठी मी लीड्समध्ये कालव्याच्या काठाने सराव करत होते. सप्टेंबरातली २१ किलोमीटरची शर्यत. जूनमध्ये आठवड्याचं अंतर २० वरून एकदम ३५ किलोमीटरवर नेलं आणि दुसऱ्याच आठवड्यात उजव्या नडगीची आतली कड ठणकायला लागली. मैत्रिणीने तिच्या ऑस्टिओपॅथचं, म्हणजे हातांनी स्नायू-सांध्यांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचं, नाव दिलं. ब्रिटनमध्ये १९९३च्या कायद्यामुळे जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय कुणाला स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेता येत नाही. नोंदणी ऑनलाइन फुकट बघता येते. ती बघितली, भेटीची वेळही मिळाली. ऑफिसचा आरोग्य विमा होताच, म्हणून आधी परवानगी घ्यायला फोन केला आणि तिथेच अडकले.

विमा कंपनीला जीपीचं, म्हणजे फॅमिली डॉक्टरचं, पत्र हवं होतं. दवाखान्याचा फोन सकाळी ८ला सुरू होतो. दोन दिवस माझा नंबर लागेपर्यंत त्या दिवसाच्या भेटी संपलेल्या. तिसऱ्या दिवशी रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, पायाच्या दुखण्याला पत्र कशाला, फिजिओथेरपीसाठी तुम्ही स्वतःच अर्ज करू शकता. एनएचएसची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, ती सोय खरंच बऱ्याच भागांत आहे. पण विमा कंपनी पत्रावर अडून बसलेली. त्यांचा नियम यांना मान्य नाही, यांचा त्यांना नाही. अकराव्या दिवशी डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं आणि पत्र आलं. त्यात लिहिलं होतं ‘फिजिओथेरपी’. कंपनीने पाच दिवसांनी कळवलं की पत्रात ‘ऑस्टिओपॅथी’ हा शब्द नाही, सबब मंजुरी नाही. परत ८चा फोन. डॉक्टर रजेवर. दुसरे डॉक्टर न तपासता शब्द बदलायला तयार नाहीत, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. एक शब्द बदलून पत्र हातात पडलं तो सव्विसावा दिवस.

म्हणून पहिल्याच फोनला विचारा, पत्रात नेमके कोणते शब्द हवेत, आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या. किती भेटी मंजूर आहेत तेही त्यातच विचारा. मला हे कुणी सांगितलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

या सगळ्यात मी दुखणं अंगावर काढलं. गोळी घेऊन धावले. याचा मला आजही पश्चात्ताप होतो, कारण गोळीने वेदना दबते, हाडावरचा ताण तसाच राहतो. परवानगी येईपर्यंत पोहले असते किंवा सायकल चालवली असती तर चाललं असतं.

ऑस्टिओपॅथबाईंनी आधी अंगठ्याने नडगी वरपासून खालपर्यंत दाबून पाहिली. दुखरा भाग लांब पसरलेला असेल तर बहुधा शिन स्प्लिंट्स, म्हणजे धावण्याच्या ताणाने नडगीच्या कडेला होणारं दुखणं. पण हाडावर एकाच बिंदूला दाबल्यावर कळ येत असेल, रात्री पडल्यापडल्याही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यावी लागते. तेव्हा हातांचे उपचार थांबवून ऑस्टिओपॅथ डॉक्टरकडे पाठवतात. सुरुवातीच्या एक्स-रेत अशी चीर बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय लागतो. पोटरी एकाएकी सुजली, गरम झाली तर रक्ताच्या गुठळीची भीती असते. तेव्हा ऑस्टिओपॅथ, विमा काही बघू नका, थेट इस्पितळ गाठा.

माझं शिन स्प्लिंट्स निघालं. मग त्यांनी घोटा तपासला. पाऊल भिंतीसमोर, टाच जमिनीला टेकलेली, आणि गुडघा भिंतीला लावायचा. डावं पाऊल भिंतीपासून ११ सेंटिमीटरवर ठेवूनही गुडघा पोचला, उजवं ६वरच अडलं. कॉलेजात असताना सिंहगड उतरताना तोच पाय मुरगळला होता. दुखतंय नडगीत आणि त्या बघतायत घोटा, कंबर, एका पायावरचा तोल, हे मला फार पटलं.

त्यांनी पोटरी मोकळी केली, घोट्याचा सांधा हळूहळू हलवला. पहिल्याच दिवशी पाय हलका वाटला. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की हा आराम दोन-तीन दिवसांचा, नडगीसाठी निव्वळ हातांच्या उपचारांना भक्कम पुरावा नाही, खरं काम पोटरीच्या ताकदीचं. टाचा उचलायच्या, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, एका दिवसाआड. हे ऐकून माझा विश्वास वाढला. ‘दहा भेटींत बरं करतो’ म्हणणाऱ्याकडे मी गेले नसते. मला चार भेटी पुरल्या.

सप्टेंबरची शर्यत हुकली. गेल्या रविवारी मात्र कालव्याकाठी ८ किलोमीटर न थांबता धावले आणि घरी येऊन नडगी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत दाबून पाहिली. कुठेच दुखलं नाही. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

एक राहिलंच. पहिल्या भेटीला धावायचे झिजलेले बूट घेऊन जा, आणि मागच्या सहा आठवड्यांत किती धावलात ते लिहून न्या. माझं २०चं ३५ झालेलं त्या कागदावरूनच त्यांनी ओळखलं.